पेवात उतरण्याआधी

सांगलीच्या मार्केट यार्डात, अडत दुकानाच्या माळ्यावर बसून
मी एक सर्व्हिस लिहिली:
हळदीचे भाव, कुणीही मागावेत.
मागितलं की उत्तर जायचं
राजापुरी, १२४००, ०४-०५, २.
एवढंच.
मला पुरत होतं. मीच लिहिलेलं होतं ना.

मिरजेहून शाहीन बागवानचा फोन आला.
मसाला कांडपवाल्यांसाठी ती ॲप बनवत होती.
"हे बारा हजार चारशे कशाचे? क्विंटलचे की पोत्याचे?
चार-पाच म्हणजे चार मे, का पाच एप्रिल?
आणि हे दोन. दोन काय?"
मी म्हटलं, उघड आहे की.
ती म्हणाली, "कुणाला?"

मग अमावास्या आली. सौदे बंद.
माझ्या सर्व्हिसनं इमानदारीत शून्य पाठवलं
आणि शाहीनच्या ॲपनं सत्तावीस गिरण्यांना कळवलं
की आज हळद फुकट आहे.
एकानं चारशे किलोची ऑर्डर टाकली, गंमत म्हणून.
बाकीच्यांना गंमत वाटली नाही.

खाली तोलाईला पायगोंडा मगदूम असतात.
त्यांना सांगितलं तर म्हणाले, चल हरिपूरला.
शेताच्या कडेला एक जुनं पेव, तोंडावर फरशी, वर माती.
फरशी सरकवली, थोडा वेळ थांबले,
मग दोरीला कंदील बांधून आत सोडला.
ज्योत लहान झाली, पण विझली नाही.
"इझला तर उतरायचं न्हाई.
आतली हवा आपल्यास्नी सांगायला वर येत न्हाई,
आपण इचारायची सोय पायजे."

"आणि कुणाचा माल कुठल्या पेवात?"
"आमच्या बापाच्या डोक्यात हुतं सगळं.
बाप गेला. मग चार वर्सं
उघडून उघडून बघत हुतो."

त्या रात्री मी माळ्यावर जागी राहिले.
आकड्यांच्या आधी एक पान पाठवायचं ठरवलं,
दार उघडण्याआधी वाचता येईल असं.
भाव: रुपयांत, शंभर किलोला, हमाली-तोलाई सोडून.
तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.
सौदा झाला नसेल तर जागा रिकामी;
शून्य म्हणजे शून्यच, आणि ते सहसा येणार नाही.
'दोन'चं नाव आता 'दर्जा',
पण जुनं नावही हंगाम संपेपर्यंत चालेल,
कारण कुणीतरी कुठेतरी त्याच्यावर गिरणी चालवत असेल
आणि मला त्याचं नावही ठाऊक नसेल.

सकाळी मगदूमांना वाचून दाखवलं.
त्यांनी ऐकलं सगळं, तंबाखू मळत.
मग लोखंडी बंबी उचलली, पोत्यात खुपसली,
आणि दोन हळकुंडं माझ्यापुढे टाकली.
"बोललीस लई. नमुना कुठाय?"

नमुना.
व्यापारी नुसत्या वर्णनावर बोली लावत नाही.
तेव्हा पानाखाली एक खरं उत्तर जोडलं,
कालच्या एका सौद्याचं, जसंच्या तसं,
रिकामी जागा कशी दिसते ते दाखवणारं दुसरं एक, अमावास्येचं.

शाहीनचा संध्याकाळी निरोप:
"सगळं कळलं. एकच राहिलं.
दर्जात 'कणी' लिहिलंयस, ती किती बारीक?"

मला माहीत नव्हतं.
मीच लिहिला होता तो शब्द, यादीतून उतरवून.
जिना उतरून खाली गेले.
मगदूमांनी न बोलता माझा हात उघडला
आणि तळव्यावर चिमूटभर ठेवली.

वर येऊन लिहायला बसले.
आता कळफलकावरचं एक अक्षर पिवळं आहे.